सतरा बटणांचं पाणी

हेमांगीचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत उसवलेल्या पुस्तकांना खळ लावत बसलो होतो. हात चिकट होते, म्हणून पाकीट दातांनी फोडलं. आत वहीचा एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

‘वाळिंबेकाका, प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अकरा वेळा तपासला. चूक सापडत नाही. सापडली असती तर दुरुस्त करून पुढं गेले असते. त्या दिवशी यंत्रासमोर तुम्ही होता. तुमचे हात वर होते हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे चूक तुमची नाही. माझीच आहे. पण ती कुठली? तुमच्या काही लक्षात आलं असेल तर स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही. पुण्याचे लोक अजूनही या म्हणतायत. ते म्हणतात, बिघाड होतच असतो, पण तो कशानं झाला हे सांगता आलं पाहिजे. मला सांगता येत नाही. आणि ते कळल्याशिवाय माझा पुन्हा या कामाला हात लागणार नाही. पंधरा तारखेपर्यंत त्यांना कळवायचं आहे.’

पंधरा तारखेला नऊ दिवस होते. मी पत्राची घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा खळ लावायला घेतली.

ती पंधरा तारीख उलटून आता सोळा वर्षं झाली.

आमच्या तासगावात ‘रंगसाथ’ नावाची हौशी नाट्यसंस्था आहे. दिग्दर्शक बाबूराव कुरणे, सहकारी बँकेत नोकरीला. दरवर्षी एक नाटक बसवायचं, सांगलीला स्पर्धेत न्यायचं आणि तिसरा क्रमांक घेऊन परतायचं, असा आमचा शिरस्ता होता. मी त्यांचा आवाजवाला. रंगमंचावर जायची मला आयुष्यभर भीती वाटली. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी जीभ टाळ्याला चिकटते. पण विंगेतल्या अंधारात टेपरेकॉर्डर घेऊन बसायला काही हरकत नव्हती. पाऊस, रेल्वे, कुत्रं, अंगाईगीत. तीस वर्षं मी कॅसेटी पुढंमागं करून वेळेवर बटण दाबत आलो. तेही दर प्रयोगाला हे शेवटचंच असं मनाशी म्हणत.

त्या वर्षी नाटक होतं ‘पाणी चढतंय’. धरणाचं पाणी गावात शिरतं आहे, सगळे निघून गेलेत आणि गोदाक्का नावाची म्हातारी घर सोडायला तयार नाही. शेवटची वीस मिनिटं रंगमंचावर ती एकटी. ती आणि पाणी. ती पाण्याशी बोलते, भांडते, त्याला बसायला पाट देते. गोदाक्का करत होत्या निर्मलाताई शिंत्रे, मुलींच्या शाळेतल्या बाई. आवाज खणखणीत आणि तोंड त्याहून खणखणीत.

तालमीत चौथ्या दिवशी त्यांनी पदर खोचला आणि थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“वाळिंबे, ही तुमची कॅसेट मला पळवत्येय.”

“म्हणजे?”

“मी जरा थांबले तर पाणी पुढं जातं. मी घाई केली तर पाणी मागं राहतं. मी गोदाक्का आहे का कॅसेटची मोलकरीण?”

“टेप तर तशीच चालणार, ताई.”

“मग दुसरं काहीतरी बघा.”

दुसरं काहीतरी त्यांनीच आणलं. दोन दिवसांनी त्यांच्यासोबत एक मुलगी आली. उंच, सडपातळ, पाठीला सॅक. निर्मलाताईंची जुनी विद्यार्थिनी हेमांगी माळवदे. इंजिनिअर झालेली, नोकरी न धरता घरी बसून काहीबाही जोडत बसते म्हणून गल्लीत बदनाम असलेली. तिनं शाळेच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि त्याला एक हाताएवढा लहान कीबोर्ड जोडला. बँकेत रोखपालासमोर असतो तसला, नुसत्या आकड्यांचा.

“सतरा बटणं,” ती म्हणाली. “एक ते सहा पाणी. एक म्हणजे उंबऱ्याला लागलेलं, सहा म्हणजे छातीपर्यंत. धरून ठेवलं की वाढतं, सोडलं की ओसरतं. दोन एकदम दाबली तर एकमेकांत मिसळतात. बाकीच्यांवर दार, कोंबडा, देवळातली घंटा, गुरं, शाळेतले पाढे. सगळे आवाज मी कृष्णेवर आणि इथंच गावात टिपलेत.”

तिनं एक बटण हळूच दाबलं. शाळेच्या हॉलमध्ये पाणी आलं. खोटं नाही सांगत, मी पाय वर घेतले.

बाबूराव हसले. “वाळिंबे भिजले बघा!”

“हे वाजवणार कोण?” मी विचारलं.

“तुम्ही.”

“छे, छे. तू वाजव. तुझंच आहे ते.”

“मला नाटक कळत नाही, काका. ताई कुठं श्वास घेतात, कुठं अडतात, ते तुम्हाला कळतं. कॅसेटला ताई दिसत नव्हत्या. तुम्हाला दिसतात.”

“मला जमायचं नाही. माझं वय एकसष्ट आहे.”

“पेटी वाजवता ना?”

“लहानपणी वाजवायचो. वाईट.”

“मग वाईट वाजवा. पाणी काय सुरात येतं का?”

पुढचा महिना माझी झोप उडाली होती. वाचनालयात टेबलावर बोटं चालायची. वाचक पुस्तक मागायचे आणि मी एक, दोन, धर, सोड, तीन असं मनात मोजत असायचो. एका गृहस्थांनी तर सरळ विचारलं, “कंपवाताचं औषध सुरू केलंत का?”

पण जमलं. कसं ते मला सांगता येणार नाही. एका तालमीत निर्मलाताई “येतोस की नाही रे?” असं पाण्याला म्हणाल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिल्या. मी बोट उचलून धरलं. त्या वळल्या तेव्हाच दाबलं. पाणी त्यांच्या पायाशी आलं, कुत्र्यासारखं. तालीम संपल्यावर त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, “वाळिंबे, आज पाण्यानं माझं ऐकलं.” हेमांगी नुसतीच हसली आणि सॅकमधून चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली.

प्रयोग सांगलीला होता, सकाळी साडेअकराचा. पुण्याहून एका नाटक कंपनीचे दोघे जण खास तिचं काम बघायला येणार होते. आवडलं तर ते तिला घेऊन जाणार होते. तिनं हे मला टेम्पोत बसल्यावर सांगितलं. वर म्हणाली, “घाबरू नका, तुम्हाला नाही नेत.”

डाव्या विंगेत टेबल लावलं. तिनं तारा जोडल्या, दहा वेळा तपासल्या. कुणीतरी माझ्यासाठी चहा आणला.

“काका, चहा लांब. याच्याजवळ पाण्याचा थेंब यायला नको.”

“लांबच ठेवतो गं.” कपबशी मी पार मेकअपच्या खोलीत नेऊन ठेवली. अशा बाबतीत मी फार काटेकोर आहे.

पहिली घंटा झाली. हेमांगी मागच्या रांगेत आवाज कसा येतोय ते ऐकायला प्रेक्षागृहात गेली. इकडं नटराजाची पूजा. बाबूरावांनी नारळ माझ्या हातात दिला. “या वेळी तुम्ही फोडा. सगळं तुमच्यावर आहे.” मी फोडला, तीर्थ शिंपडलं, सगळ्यांनी नमस्कार केला. माझे हात इतके थरथरत होते की निर्मलाताई म्हणाल्या, “अहो, काम मला करायचंय!”

पहिल्या अंकात आवाज चारच होते. ते बरोबर झाले. दुसऱ्या अंकात माणसं एकेक करून निघून गेली, दिवे मंद झाले, आणि गोदाक्का एकटी पायरीवर येऊन बसली. मी एक दाबलं. पाणी आलं. दोन. त्यांनी पाय मागं घेतले, मी सोडलं. सात-आठ मिनिटं अशी गेली की तशी पुन्हा माझ्या आयुष्यात आली नाहीत. मी कुणाला भीत नव्हतो. मी तिथं असल्याचंच मला आठवत नव्हतं.

मग दार वाजलं.

मी दार दाबलेलं नव्हतं. निर्मलाताईंनी मान वळवली. “कोण हाय?” त्या म्हणाल्या. नाटकात नव्हतं ते, पण खपून गेलं. दार पुन्हा वाजलं. “जा म्हणलं ना!” त्या ओरडल्या. तेही खपलं.

मग कोंबडा आरवला.

छातीपर्यंत पाणी आणि कोंबडा. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं. कोंबडा पुन्हा आरवला, पाठोपाठ घंटा, गुरं, त्यात पोरांचे पाढे, बे एके बे, बे दुणे चार, आणि त्या सगळ्यांखाली पाणी, ओसरायला तयार नसलेलं. अख्खं प्रेक्षागृह खदखदून हसायला लागलं. मी दोन्ही हात वर उचलून धरले होते, कुणी बंदूक रोखावी तसे.

हेमांगी धावत विंगेत आली. “काका, हात काढा!”

“माझा हात नाहीच आहे गं.”

तिनं माझ्या हातांकडं बघितलं, लॅपटॉपच्या पडद्याकडं बघितलं, दोन-तीन बटणं दाबली आणि मग स्पीकरची तार उपटली. एकदम सगळं बंद. उरलेली दहा मिनिटं निर्मलाताईंनी नुसत्या शांततेत काढली. त्या बाईचं धैर्य मोठं. पण लोक एकदा हसले होते. ते पुन्हा पाण्यात उतरले नाहीत.

पडदा पडल्यावर बाबूरावांनी सगळ्यांसमोर तिला धरलं.

“खेळणं घेऊन आलीस! चाळीस दिवस ह्या माणसांनी घाम गाळला, आणि तुझ्या खेळण्यानं दहा मिनिटांत माती केली. साधी कॅसेट काय वाईट होती?”

“सर, तालमीत एकदाही असं…”

“तालमीचं नको सांगू मला. तालमीला परीक्षक नव्हते.”

ती माझ्याकडं बघत होती. मी खाली बघत होतो.

सामान आवरताना ती टेबलाजवळ आली. “काका, तो छोटा कीबोर्ड कुठंय?”

“इथंच होता,” मी म्हणालो. “कुणी उचलला असेल गडबडीत.”

“जाऊ दे. दोनशे रुपयांचा तर आहे. चूक त्यात नसणार, माझ्या लिहिण्यातच असणार.” तिनं लॅपटॉप सॅकमध्ये घातला. जाताना वाकून माझ्या पाया पडली. “तुम्ही फार छान वाजवत होता, काका. कोंबडा येईपर्यंत.” हे सांगताना हसायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

तीन महिन्यांनी तिचं पत्र आलं.

त्या नऊ दिवसांत मी रोज उत्तर लिहायला बसलो. ‘चि. हेमांगी’ एवढं लिहून व्हायचं. मग वाटायचं, उद्या. पंधरा तारीख गेली तेव्हा वाटलं, आता काय उपयोग. पुढं ऐकलं, तिनं पुण्याला नाही कळवलं. मग लग्न होऊन ठाण्याला गेल्याचं कळलं. माझी बायको गेली. वाचनालय सुटलं. घर बदललं, तेव्हा सुनेनं माळ्यावरचं सगळं भंगार भंगारवाल्याला दिलं. रंगसाथमधलं जाणं-येणं थांबलं, फक्त त्यांची छापील कामं माझ्याकडं तपासायला यायची. शुद्धलेखनात माझा हात धरणारा गावात दुसरा कुणी नाही, असं बाबूराव म्हणतात. तेवढंच एक मला येतं.

या दिवाळीनंतर संस्थेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली, कच्ची छपाई माझ्याकडं आली. लाल पेन घेऊन मी बाबूरावांचा लेख वाचायला लागलो. आठव्या पानावर वाक्य होतं: ‘त्या वर्षी पहिला क्रमांक आमचाच होता, परंतु कु. हेमांगी माळवदे हिच्या सदोष यंत्राने ऐन वेळी दगा दिला.’

वाक्यात एकही चूक नव्हती. र्‍हस्व-दीर्घ बरोबर, विराम बरोबर. मी ते दहा-बारा वेळा वाचलं. दुपारी जेवण गेलं नाही. चार वाजता पेन उघडलं, वाक्यावर आडवी रेघ मारली आणि कागद पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी बाबूरावांचा फोन आला.

“अहो वाळिंबे, आठव्या पानावर काय केलंत? वाक्य काढलंत?”

“हो.”

“का? व्याकरण चुकलं?”

“नाही. ते खरं नाही.”

“खरं नाही कसं? सगळं थिएटर साक्षीला आहे. कोंबडा अजून माझ्या कानात आरवतोय.”

“बाबूराव, त्या दिवशी नारळ कुणी फोडला?”

“हे काय मध्येच? तुम्ही. मीच दिला हातात.”

“तीर्थ कुठं कुठं शिंपडलं?”

“सगळीकडं शिंपडतो तसं. चारी कोपऱ्यांत, दिव्यांच्या खांबावर, कपडेपटाच्या पेटीवर, टेपवर…” ते थांबले.

“टेप नव्हता त्या वर्षी,” मी म्हणालो.



तीस वर्षं मी पहिल्या घंटेला टेपरेकॉर्डरवर दोन थेंब शिंपडत आलो होतो. त्याला जाड लोखंडी झाकण होतं, त्याचं काही बिघडत नसे. त्या दिवशीही नारळाची फोडलेली वाटी घेऊन मी सवयीनं माझ्या टेबलापाशी गेलो. हात थरथरत होता. थेंब कसले, चांगलं पळीभर पाणी त्या सतरा बटणांवर सांडलं. मी उपरण्यानं पुसलं आणि नमस्कार केला. मला बरं वाटलं, शकुन झाल्यासारखं. चहा मी लांब ठेवला होता. नारळाचं पाणी मला पाणी वाटलंच नाही.

“तुम्हाला कधी कळलं?” बाबूरावांनी विचारलं.

“पडदा पडला तेव्हाच. कीबोर्ड उचलला तर आतून एक ओघळ मनगटावर आला. चिकट.”

“मग मी त्या पोरीला बोलत होतो तेव्हा…”

“तेव्हा तो माझ्या पिशवीत होता. मफलरच्या खाली.”

“वाळिंबे! अरे, मी तिला काय काय बोललो त्या दिवशी! तोंड उघडायचं होतं की हो!”

“हो.”

“आणि आता मला कशाला सांगताय? सोळा वर्षं झाली. तो बटणांचा डबा तरी आहे का तुमच्याकडं?”

“नाही. भंगारात गेला.”

“मग पुरावा नाही, साक्षीदार नाही. गप्प बसला असता तर देवालासुद्धा पत्ता लागला नसता.”

“तुम्ही छापायला निघाला होता, बाबूराव.”

ते जोरात श्वास सोडून म्हणाले, “वाक्य काढतो. दुसरं काय घालू तिथं?”

“नारळाचं घाला. माझ्या नावानिशी.”

“लोक हसतील तुम्हाला.”

“तिला हसले होते.”

त्यानंतर पत्ता मिळवायचा होता. हेमांगीच्या भावाचं, सुहासचं, स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथं दोनदा जाऊन न बोलता परत आलो. तिसऱ्यांदा त्यानंच हाक मारली.

“काय आजोबा, मोबाईल बिघडलाय का? रोज बघून जाताय.”

“हेमांगीचा पत्ता हवा होता.”

“ताईचा? तुम्ही कोण?”

“मी वाळिंबे. वाचनालयातला. आम्ही एका नाटकात…”

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. “ताईसमोर नाटकाचं नाव नका काढू. शाळेत कॉम्प्युटर शिकवती. गॅदरिंगला पोरं नाटक बसवतात, तर त्या दिवशी ही रजा टाकती. भाऊजी तिकिटं काढून आणतात, ही जात नाही. काय झालं होतं हो तेव्हा? ती नीट सांगतच नाही. नुसतं म्हणती, मला चूक सापडली नाही.”

“ते तिला लिहितो,” मी म्हणालो. “आधी तिला.”

त्यानं कागदावर पत्ता लिहून दिला. फोन नंबरही लिहीत होता, मी नको म्हणालो. फोनवर मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोललो असतो.

पहिला मसुदा सात पानांचा झाला. त्यात माझा भित्रा स्वभाव होता, लहानपण होतं, बायकोचं आजारपण होतं. फाडला. दुसऱ्यात चार वेळा क्षमा मागितली होती. वाचताना लक्षात आलं, तिनं क्षमा मागायला सांगितलेलीच नाही. तिनं एक प्रश्न विचारला होता. तोही फाडला. पाचव्या दिवशी एवढंच उरलं:

‘चि. हेमांगी, तुझ्या प्रोग्राममध्ये चूक नव्हती. पहिल्या घंटेनंतर, तू प्रेक्षागृहात गेलीस तेव्हा, मी नारळाचं पाणी कीबोर्डवर शिंपडलं. ते बटणांच्या आत गेलं. प्रयोग संपताच मला ते समजलं होतं. कीबोर्ड मीच पिशवीत लपवला आणि तुझ्याशी खोटं बोललो. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. पंधरा तारखेच्या नऊ दिवस आधी. रंगसाथच्या स्मरणिकेत हे माझ्या नावानिशी छापून येत आहे, अंक पाठवतो. तुझं काहीच चुकलं नव्हतं. — दत्तात्रय वाळिंबे.’

पोस्टात गर्दी होती. खिडकीपाशी पोचेपर्यंत पाकीट घामानं ओलसर झालं. आतल्या बाईंनी ते काट्यावर ठेवलं.

“साधं पाठवायचं का?”

“हरवणार तर नाही?”

“महत्त्वाचं आहे का आजोबा?”

“हो. उत्तर आहे. जरा उशीर झालाय.”

“मग स्पीड पोस्ट करा की. परवा दिवशी पोचतंय.”

“परवा?”

“परवा, नाहीतर तेरवा. करू का?”

माझ्या मागं उभा असलेला माणूस घसा खाकरत होता.

“करा,” मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठी चिकटवली, वर शिक्का मारला आणि न बघता पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.